आधी खेळ विचार, मग मैदा चाळ

पोराला क्रिकेट आवडतं, एवढ्या माहितीवर केक करायला घेऊ नकोस. आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं, ते विचार. बॅटिंग की कीपिंग? लाल बॉल की पांढरा? जर्सीवर १८ नंबर हवा असेल, तर तो विराटचा की स्मृतीचा? २०२५च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकल्यापासून हा प्रश्न विचारावाच लागतो. उत्तर मनानंच ठरवलंस तर वाढदिवसाच्या दिवशी रुसवा ठरलेला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खेळातलं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. क्रीम जरा वाकडं फिरलेलं त्याला दिसणार नाही, पण तीनाऐवजी दोनच स्टंप लावलेस, तर मेणबत्ती विझवायच्या आधी सगळ्यांसमोर सांगेल.

म्हणून खेळातली एकच गोष्ट निवड आणि ती अचूक कर. अख्खं स्टेडियम, अकरा खेळाडू, अंपायर, स्कोअरबोर्ड आणि वर मुलाचा फोटो असं सगळं किलोभर केकवर कोंबलं, की कशाचंच काही कळत नाही. मी केक शिकले थोरल्या जाऊबाईंकडून, झाकणाला काचेची खिडकी असलेल्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या ओव्हनवर. तेव्हा खेळाचे केक कोणी करत नव्हतं, फार तर बाहुलीचा. त्या म्हणायच्या, चेहरा नीट साधला की घेराकडे कोणी बघत नाही. मैदानालाही हेच लागू आहे.

आता तुला माझा सगळ्यात लाडका केक सांगते. कबड्डीचा. याला साचा नको, नोझल नको, कोरीवकाम नको. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. मीटरला अर्धा इंच धर, की साडेसहा बाय पाच इंचाचा केक होतो. दोन थर आणि मधे क्रीम धरून साधारण किलोभर. मुलींचा संघ असेल तर मैदान १२ बाय ८ मीटरचं, म्हणजे सहा बाय चार इंच. चौकोनी केक टिनात भाजायचा, कडा कापून मापात आणायचा आणि वर एकाच रंगाचं क्रीम पसरायचं. मग पट्टी घ्यायची. बरोबर मधोमध मध्यरेषा. दोन्ही लांब बाजूंना आतून अर्धा-अर्धा इंच सोडून लॉबी. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा असते, म्हणजे केकवर दोन इंचांना एक सूत कमी. तिच्या पलीकडे अर्ध्या इंचावर बोनस रेषा. मुलींच्या मैदानात निदानरेषा तीन मीटरवर, म्हणजे केकवर दीड इंच.

रेषा थेट हातानं मारायला जाऊ नकोस. केक फ्रीजमध्ये अर्धा तास गार कर, शिवणाचा धुतलेला दोरा दोन्ही हातांत ताणून धर आणि क्रीमवर हलकाच टेकव. खूण उमटते. त्या खुणेवरून बटर पेपरच्या कोनातून वितळलेलं पांढरं चॉकलेट सोडत जा. कोनाचं टोक अगदी बारीक काप, मोठं कापलं की परत बारीक होत नाही. खेळाडू म्हणून फाँडंटच्या चौदा बाहुल्या करत बसू नकोस. जेम्सच्या गोळ्या घे. एका अंगणात सात लाल, त्यांच्यात शिरलेली एक निळी, आणि उरलेल्या सहा निळ्या आपल्या अंगणात. ती एकटी निळी गोळी बोनस रेषेजवळ ठेव, मग बघ पोरं केकभोवती उभी राहून भांडतात की नाही, बोनस मिळाला की पकड झाली म्हणून.

कपकेक करायचे असतील तर खो-खो कर. बारा खळग्यांच्या एका ट्रेमध्ये हा खेळ चपखल बसतो. पाठलाग करणारे नऊ असतात, त्यातले आठ पाटीवर बसलेले आणि एक धावणारा. पळणारे एका वेळी तीन. नऊ आणि तीन, बारा. लांब लाकडी फळीवर आठ कपकेक एका ओळीत मांड, दोन्ही टोकांना वेफर स्टिकचा खांब उभा कर. बसलेले एकाआड एक उलट दिशेला तोंड करून असतात, तेव्हा कपकेकवरचे चॉकलेटचे डोळेही एक इकडे, एक तिकडे. ही एक गोष्ट विसरलीस तर तो खो-खो नाही, नुसती रांग. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपले दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. तरी केकच्या दुकानात खो-खोचा साचा मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. बरंच आहे, आपल्याला साचा लागतोय कुठे.

कपकेकचं पीठ कागदी वाटीत दोन तृतीयांशच भर. वर आलं की सपाट माथा मिळतो. काठोकाठ भरलंस तर टोपी बाहेर सांडते आणि वर डोळे लावायला जागा राहत नाही. १८० अंशांवर अठरा-वीस मिनिटं पुरतात.

क्रिकेटच्या खेळपट्टीत मात्र बहुतेकींचं माप चुकतं. खरी खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर लांब, आणि १० फूट रुंद. लांबी रुंदीच्या साडेसहा पटीहून जास्त. केकवर सगळे जाड चौकोन काढतात आणि तो कॅरमबोर्ड वाटतो. चार इंच लांब पट्टी काढलीस तर रुंदी पाच सूतच ठेव. मैदानाच्या मानाने हीसुद्धा फार मोठी आहे. सीमारेषा मध्यापासून ७० मीटरवर धरली, तर नऊ इंची केकवर खेळपट्टी जेमतेम सव्वा इंचाची होईल. पण तेवढी लहान केली तर कोणाला दिसणार? म्हणून मोठी करायची, फक्त लांबी-रुंदीचं नातं मोडायचं नाही. क्रीझ स्टंपपासून चार फुटांवर असते, म्हणजे या चार इंची पट्टीवर दोन सूत. स्टंप मापात केलेस तर पुरते दीड सूतही भरणार नाहीत, तिथे खुशाल मोठे कर.

पट्टीसाठी मारी बिस्किटाचा चुरा चाळून घे. पुठ्ठ्यात पट्टीच्या आकाराची खिडकी काप, केकवर अलगद धर, चुरा भुरभुरव, चमच्याच्या पाठीनं दाब आणि पुठ्ठा सरळ वर उचल. गवतासाठी डेसिकेटेड कोकोनट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, अर्धा चमचा पाण्यात हिरवा रंग कालवून त्यात टाक, पिशवी बाहेरून चोळ आणि खोबरं ताटात पसरून वाळव. दोन वाट्या दोन छटांच्या कर, एक फिकी, एक गडद. मशीननं गवत कापलेल्या मैदानावर जसे पट्टे दिसतात, तसे आळीपाळीनं टाक. हे शेवटच्या तासात कर. आधी घातलंस तर खोबरं क्रीममधलं पाणी पितं आणि गवत चिखल होतं.

रंगाचं जरा सविस्तर सांगते, कारण खेळाच्या केकमध्ये खरी फजिती तिथेच होते. टीम इंडियाचा निळा घरातल्या खाऱ्या बटरवर कधी येत नाही. ते बटर पिवळं असतं, त्यात निळा घातला की शेवाळी हिरवट होतं. अजून निळा घातला की अजून हिरवट आणि कडू. बिनमिठाचं पांढरं बटर घे, साखर घालायच्या आधी ते पाच-सात मिनिटं फेटून फेटून फिकं कर. तरी पिवळी झाक राहिलीच तर टूथपिकच्या टोकावर येईल एवढाच जांभळा रंग घाल. जांभळा पिवळ्याला मारतो. त्यानंतर निळा. साधं व्हिप क्रीम वापरलंस तर ते मुळातच पांढरं असतं, हा खटाटोप वाचतो.

लाल आणि काळा हे दोन लबाड रंग. लाल क्रीम पुरेसं लाल दिसेपर्यंत रंग घातलास तर पोरांच्या जिभा संध्याकाळपर्यंत लाल आणि तोंड कडू. गडद गुलाबीवर थांब आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव, सकाळी रंग आपोआप चढलेला असतो. काळ्यासाठी पांढऱ्या क्रीमपासून सुरुवातच करू नकोस. कोको घालून क्रीम गडद चॉकलेटी करून घे, मग काळ्याचे थोडेच थेंब पुरतात. रंग जेलचे घे, पातळ रंगानं क्रीम सुटतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये तर जेलही चालत नाही. पाण्याचा अंश गेला की चॉकलेट आवळून गोळा होतं. त्यासाठी तेलावर केलेले रंग वेगळे मिळतात. बाटलीवर एफएसएसएआयचा नंबर बघूनच घे, सुट्या पुडीतला रंग नको. सोनेरी-चंदेरी पावडरच्या डबीवर नुसतं ‘नॉन टॉक्सिक’ लिहिलं असेल तर ती खायची नाही. खाण्याजोगी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

वाढदिवस कुठल्या महिन्यात आहे, त्यावर क्रीम ठरव. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बटरक्रीम टेबलावर तग धरत नाही, कडा बसतात आणि नीट मारलेल्या रेषा तिरक्या होतात. तेव्हा व्हिप क्रीम बरं. फ्रीजरमधून काढून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेव. थोडे बर्फाचे कण शिल्लक असतानाच, गार केलेल्या भांड्यात फेटायला घे. पावसाळ्यात फाँडंट टाळ. हवेतली ओल शोषून ते घाम येतो तसं चिकट होतं. केक फ्रीजमधून बाहेर काढला की आणखी. आणि व्हिप क्रीमवर फाँडंट थेट पसरायचं नाही, कुठल्याच ऋतूत. ते खालून विरघळायला लागतं. फाँडंटखाली गनाश हवं, दोन भाग डार्क चॉकलेटला एक भाग क्रीम. पांढरं चॉकलेट असेल तर तीनाला एक. मे महिन्यात चॉकलेट आणखी थोडं वाढव.

क्रीम कुठलंही असो, भिंतीला रंग देताना पहिला पातळ हात देतात, तसा केकला आधी एक पातळ हात दे आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव. सुटे कण त्यात अडकून बसतात. मगच वरचा थर. हिरव्या मैदानावर तपकिरी ठिपके दिसले की समजावं, कोणीतरी घाई केली.

केक आतून कसला? माझं मत विचारशील तर दह्याचा आणि तेलाचा. बटरचा स्पंज फ्रीजमधून काढला की विटेसारखा लागतो, तेलाचा मऊच राहतो, आणि खेळाचा केक फ्रीजमध्ये बराच वेळ राहणारच असतो. एक कप दह्यात पाऊण कप साखर विरघळव, सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा घाल. पाच मिनिटांत बुडबुडे येतात. अर्धा कप तेल, एक छोटा चमचा व्हॅनिला, आणि चाळलेला दीड कप मैदा. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, नुसतं कालवायचं. ओटीजी दहा मिनिटं आधी तापव आणि १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. ओटीजी नसेल तर कुकर आहेच. शिट्टी आणि रिंग काढून टाक, तळाला वाटीभर मीठ, वर स्टँड, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं तापव, टिन ठेव, आच मंद कर आणि पाऊण तास हात आवर. मधेच झाकण उघडलं की केक मधोमध बसतो. स्पंज आदल्या दिवशीच करून, गार झाल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेव. ताजा केक कापताना भुगा होतो, रात्रभर गार झालेला सुरीला नीट मान देतो.

बॉलचा केक करायचा असेल तर साचा विकत घेऊ नकोस, स्टीलच्या दोन खोलगट वाट्या पुरतात. आतून तेल लावून मैदा भुरभुरव. मध्यभाग खोल असतो म्हणून १६० अंशांवर सावकाश भाज. सपाट बाजू कापून दोन्ही अर्धी गनाशनं चिकटव. क्रिकेटच्या बॉलवर शिवणीच्या सहा ओळी असतात, मधल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. सहाही करायला जमलं तर उत्तम, नाहीतर दोन्हीकडे एकेक ओळ कर, पण टाके छोटे आणि सारख्या अंतरावर. बॅटचा केक मला फारसा पटत नाही. कापून-कापून अर्धा स्पंज वाया जातो आणि शेवटी तो चमच्यासारखा दिसतो.

फुटबॉल मात्र आपल्या कोल्हापुरात टाळता येत नाही. शाहू स्टेडियमवर कोणाचा सामना आहे, यावर पेठेतल्या घरात जेवणाची वेळ ठरते. काळा-पांढरा फुटबॉल १९७०च्या मेक्सिकोच्या वर्ल्ड कपमधला. त्याचे ३२ तुकडे, १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. अख्खा गोल केक करताना माथ्यावरच्या एका पंचकोनापासून सुरुवात कर. त्याच्या पाच बाजूंना पाच षटकोन लागले की पुढचं आपोआप जुळत जातं. कपकेकवर तर मधे एक काळा पंचकोन ठेव आणि त्याच्या पाच कोपऱ्यांतून कडेपर्यंत पाच रेषा ओढ. एवढ्यात फुटबॉल ओळखू येतो. मुलगा ज्या पेठेच्या संघाचा आहे, त्याच संघाच्या रंगाची कागदी वाटी घे. दुसऱ्या संघाचा रंग आणलास तर केकच काय, ताटही परत येईल.

तालमीत जाणारा मुलगा असेल तर आखाडा कर, आणि त्यात कंजुसी करू नको. गोल केकच्या माथ्यावर कडेला बोटभर उंच क्रीमचा बांध घाल. आत तांबडी माती. ती कशाची? स्पंज सपाट करताना जो वरचा भाग कापतेस तो हातानं कुस्करून, किंचित कोको आणि नारिंगी-लाल रंग लावून, मंद आचेवर कोरडा कर. खऱ्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात, आपल्या मातीत साखर. वर चांदीची गदा हवीच. पेढ्याचा गोळा वळून त्याला चांदीचा वर्ख लाव आणि वेफर स्टिकवर बसव. असली गदा फाँडंटच्या गदेपेक्षा शंभर पट देखणी दिसते आणि मुलं शेवटपर्यंत तिच्यासाठी भांडतात. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं, हे त्या मुलाला ठाऊक नसेल तर केक कापता कापता सांग. कराडजवळचं गोळेश्वर त्यांचं गाव, आणि शिकले आपल्या राजाराम कॉलेजात.

आणि हे सगळं ऐकून घाबरली असशील, हाताला अजून वळण नाही वाटत असेल, तर पहिला केक निशाणाचा कर. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलचं कांस्यपदक आणलं, आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१०ला म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद. म्हणजे कोल्हापुरात हा केक परका नाही. पांढऱ्या क्रीमचा गोल केक फिरत्या स्टँडवर ठेव. मधे चॉकलेट गनाशचा काळा गोल. काळ्यावर पांढऱ्या आणि पांढऱ्यावर काळ्या चॉकलेटची वर्तुळं, सगळ्या मिळून दहा रिंग. हात हलवायचा नाही, स्टँड फिरवायचा. टूथपिकनं मधून कडेकडे ओढायचा मोह होईल, ओढू नकोस, कोळ्याचं जाळं होतं. गोळी लागल्याची खूण म्हणून एक चॉकलेट चिप दहाच्या रिंगमध्ये ठेव. नेम चुकवून नवात ठेवलीस तर कारण द्यावं लागेल.

फाँडंटची एखादी आकृती करायचीच असेल, एखादी टोपी किंवा ग्लोव्ह्ज, तर ती तीन दिवस आधी कर. पाव किलो फाँडंटमध्ये एक छोटा चमचा सीएमसी पावडर मळ म्हणजे ती कडक वाळते. उघड्या डब्यात पंख्याखाली ठेव, फ्रीजमध्ये नाही. साखरेच्या कागदावरचा छापील फोटो हवाच असेल तर केक कापायच्या तासभर आधी लाव. रात्री व्हिप क्रीमवर लावलेल्या फोटोतला कप्तान सकाळी ओळखू येत नाही.

स्टंप, खांब, झेंडे यांना टूथपिक वापरू नकोस, लहान मुलं असतात. वेफर स्टिक किंवा सोललेल्या बदामाचे उभे काप घे. कुठे काडी लावलीच, तर किती लावल्या ते कागदावर लिहून ठेव आणि कापायच्या आधी तेवढ्या मोजून बाहेर काढ. सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्यायची, प्रत्येक कापाला. कबड्डीचा केक असेल तर पहिली सुरी लॉबीतून घाल, म्हणजे फोटो काढणाऱ्यांना मैदान थोडा वेळ तरी शाबूत मिळतं. चौकोनी केकच्या कापलेल्या कडा टाकून देऊ नकोस. त्या कुस्करून दोन चमचे गनाशमध्ये मळ, लिंबाएवढे गोळे वळ आणि लाल चॉकलेटमध्ये बुडवून पांढरी शिवण मार. आलेल्या पोरांच्या हातात घरी जाताना एकेक बॉल देता येतो, आणि रिटर्न गिफ्टचा खर्च वाचतो.